लाख, स्पिरिट आणि मुंबईची हवा: घरी बांधलेल्या इलेक्ट्रिक गिटारला हाताने पॉलिश कसं करावं

बॉडी कापून झाली, पिकअपचे (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकांचे) खड्डे कोरले, नेक (गिटारचा दांडा) बसतोय की नाही तेही बघून झालं, की वाटतं गिटार झालीच. प्रत्यक्षात निम्मं काम उरलेलं असतं. आणि ते उरलेलं निम्मं काम मुंबईत जुलै महिन्यात करायचं नसतं. हे मी करून शिकलो.

माझ्या पहिल्या गिटारवर मी ऐन पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे कॅन रिकामा केला. गॅलरीत, रविवारी दुपारी. दहा मिनिटांत काळ्याभोर बॉडीवर ताक सांडल्यासारखा पांढुरका ढग उमटला. कॅन भेसळीचा असणार म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. पण दोष त्याचा नव्हता. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं, माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, जसे गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात. वरून लॅकर सुकत आलेलं असतं, त्यामुळे ते पाणी आतच अडकतं. तोच तो पांढरा ढग.

म्हणून पहिली खरेदी पॉलिशची करू नका, आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल घड्याळाची करा. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. ते कामाच्या जागी भिंतीला लावा आणि आकडा सत्तरच्या वर असेल त्या दिवशी पॉलिशला हात लावू नका. पावसाळ्यात मुंबईत हा आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात असतो. डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी तो पन्नासच्या खाली येतो. ते दिवस सोन्यासारखे. मी लाकूडकाम पावसाळ्यात उरकतो आणि पॉलिशला दिवाळीनंतर हात घालतो. अगदीच थांबवत नसेल तर बेडरूमचा एसी तासभर आधी चालू करा. एसी हवा गार करतो तसाच तिच्यातलं पाणीही काढून टाकतो, आणि आकडा डोळ्यांदेखत पंचावन्नपर्यंत उतरतो. मात्र बंद खोलीत स्पिरिटची वाफ कोंडते. प्रत्येक हातानंतर दार उघडून बाहेर यायचं, आणि त्या खोलीत दिवा, उदबत्ती, काडेपेटी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर काम दुसरीकडे करा.

कोणतं पॉलिश?

फेंडर कंपनी १९५०च्या दशकात आपल्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारत असे. मोटारींना मारायचे रंग तेच. साठच्या दशकाच्या अखेरीस ती पॉलिएस्टरकडे वळली. गिब्सन आजही नायट्रोच वापरते. त्यामुळे नायट्रोभोवती एक वलय आहे. पण नायट्रोला कॉम्प्रेसर, स्प्रे गन, धूर बाहेर फेकणारा पंखा आणि सहनशील शेजारी लागतात. यातलं शेवटचं सगळ्यांत दुर्मिळ. दोन भाग मिसळून मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ असतं, पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना घातक. योग्य मास्क आणि मोकळी कार्यशाळा नसेल तर फ्लॅटमध्ये ते आणूच नका. अळशीचं तेल, म्हणजे रंगाऱ्यांचं बेलतेल, सोपं आहे आणि दिसतंही छान. पण सागावर ते रडतरखडत सुकतं, आणि मुंबईत तर आणखी रखडतं.

माझी निवड लाखेची, म्हणजे ज्याला पॉलिशवाले फ्रेंच पॉलिश म्हणतात. कारण रोमँटिक नाही. स्पिरिट पाच मिनिटांत उडतं, त्यामुळे धूळ बसायला वेळच मिळत नाही. यंत्र लागत नाही. चूक झाली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. आणि सागासारख्या तेलकट लाकडाला लाख घट्ट धरते. तोटाही सांगतो: घाम, उष्णता आणि दारू या तिन्हींसमोर लाख कच्ची आहे. मे महिन्यात बिनबाह्यांचा बनियन घालून तीन तास वाजवणार असाल तर हाताखालची जागा मऊ पडेल. त्यावरचा उपाय पुढे येतो.

लाख आपल्याकडचीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे बसतात, त्यांच्या स्रावापासून ती बनते आणि झारखंडात मोठ्या प्रमाणावर होते. तुमच्या आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेत दगडाची पूड कालवून केलेल्या असत, म्हणूनच त्या हातातून पडल्या की फुटायच्या. हा ठिसूळपणा लक्षात ठेवा. लाखेचा थर जाड झाला तर तडे जातात, म्हणून सगळं काम पातळ हातांचं. घरात जुना तंबोरा किंवा हार्मोनियम असेल तर तिच्यावरची तांबूस झाक बहुधा हीच.

सामान

नागदेवी स्ट्रीटवर घासकाम आणि हत्यारांचं बहुतेक सगळं मिळतं. पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०, ४०० नंबरचे, आणि वॉटर पेपर ८००, १२००, २००० नंबरचे. स्वस्त पेपर घेऊ नका. त्यांचा रवा सुटतो आणि एक सुटलेला मोठा कण अख्ख्या बॉडीवर रेघ ओढून जातो. रंगाच्या दुकानात चपडा, म्हणजे लाखेचे सुके पापुद्रे, मागा, दुकानदाराला कळतं. दोन-तीन रंगछटा असतात. सागाला मधाच्या रंगाचा चपडा शोभतो, मेपलला फिकट. दोनशे ग्रॅम पुरे, त्यातूनही उरेल. उरलेला चपडा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, कारण मुंबईच्या उकाड्यात त्याचे पापुद्रे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. डब्यावर ठळक लेबल लावायचं. आमच्या घरी तो एकदा गूळ समजून चहाच्या आधणात पडता पडता राहिला.

स्पिरिट पॉलिशचंच हवं. ते विषारी असतं, हातमोजे घाला. त्यात पाणी मिसळलेलं असेल तर हवा कोरडी असूनही पॉलिश पांढरट येतं, तेव्हा एखादा हात विनाकारण पांढरा पडला तर आधी बाटलीवर संशय घ्या.

लाख भिजवायची ती काचेच्या बरणीत, प्लास्टिकच्या झाकणाची. लोखंडाशी लाख काळी पडते. सुरुवातीच्या हातांसाठी शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये वीस ग्रॅम चपडा, शेवटच्या हातांसाठी दहा ग्रॅम. रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी जुन्या मलमलीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख काही महिन्यांनी सुकायचं विसरते. शंका आली तर एक थेंब काचेवर टाका. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून खूण उठली तर ती बरणी टाकून द्या.

घासणं

पॉलिश चांगलं झालं असं लोक म्हणतात, तेव्हा खरं तर घासणं चांगलं झालेलं असतं. माझी आत्ताची बॉडी फेंडरच्या टेलिकास्टर गिटारच्या आकाराची, पाडलेल्या जुन्या इमारतीच्या सागाच्या तुळईतून काढलेली, ४५ मिलिमीटर जाडीची. वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे खांद्याला जाणवेल इतकं. जुन्या सागाला एक खोड आहे. त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे पटाशीची धार आणि पॉलिश पेपर दोन्ही लवकर मरतात. पेपर घासला जातोय पण पावडर पडत नाहीये असं झालं की तो बदला. जोर वाढवून उपयोग नाही.

सपाट भाग कधीही नुसत्या बोटांनी घासायचा नाही. बोटांच्या मधल्या फटींप्रमाणे लाकडावर उंच-सखल लाटा उठतात. त्या कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, चकाकी आल्यावर दिसतात. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, ठोकळ्याखाली पातळ बूच किंवा जुन्या स्लीपरचा रबर लावा. गोलाईसाठी नारळाच्या दोरीएवढ्या जाड रबरी नळीच्या तुकड्यावर पेपर गुंडाळला की कटअवेच्या (नेकजवळ बॉडीला दिलेल्या खाचेच्या) आतल्या वळणात तो नीट बसतो. घासायचं ते तंतूंच्या दिशेने.

क्रम १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबरचं काम एकच: आधीच्या नंबरच्या रेघा काढणं. त्या गेल्या की नाही हे पाहायची युक्ती सांगतो. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. दिवसा गुळगुळीत वाटणारी बॉडी त्या आडव्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखी दिसते. जिथे रेघ दिसेल तिथे पेन्सिलने हलकी खूण करा आणि मागच्या नंबरवर परत जा. १२०च्या रेघा ३२०ने जातील असं समजू नका. त्या जात नाहीत, नुसत्या चकचकतात.

जिथे लाकूड तंतूंना आडवं कापलेलं आहे, म्हणजे बॉडीचं बूड आणि कटअवेची टोकं, तिथे पॉलिश जास्त शोषलं जातं आणि तो भाग काळपट दिसतो. तिथे एक नंबर पुढे जा: बाकी बॉडी ३२०वर थांबवलीत तर ती टोकं ४००पर्यंत न्या.

१८० झाल्यावर स्पिरिटच्या फडक्याने सगळी बॉडी एकदा पुसा. ओल्या लाकडात जिथे फिकट डाग दिसेल तिथे फेविकॉल वाळून बसलेला असतो. तो आत्ता घासून काढला नाहीत तर पॉलिशमध्ये डोळ्यांत खुपत राहतो. २४० नंतर बॉडीवर ओलं, पिळलेलं फडकं फिरवा आणि वाळू द्या. पाण्याने तंतू उभे राहतात आणि हाताला दाढीच्या खुंटांसारखं लागतं. ते ३२०ने हलकेच छाटा. हे दोनदा करा. इथे आळस केलात तर पहिल्याच लाखेच्या हाताने ते खुंट पुन्हा उभे राहतील.

माझ्या बॉडीत जुन्या खिळ्याचं एक भोक होतं, भोवती सागाचा काळा डाग. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संगतीने तो पडतो. बुजवायचा असेल तर लाकडाच्याच रंगाची भुकटी इपॉक्सीत कालवून भरता येतं. मी ते तसंच ठेवलं. भोक खालच्या गोलाईवर आहे, वाजवताना करंगळी कधीकधी त्यावर जाते आणि मला ते आवडतं.

सागाच्या धुळीने नाक आणि घसा चुरचुरतात, एन-९५ मास्क वापरा. आणि घासायच्या आधी गॅलरीतल्या दोरीवर कोणाचे कपडे वाळत आहेत ते बघा.

टांगायची सोय आणि नेकचा खड्डा

पॉलिशला सुरुवात करण्याआधी नेकच्या खड्ड्यात फूटभर लांबीची फळीची पट्टी, नेकच्याच स्क्रूच्या भोकांतून दोन स्क्रू मारून बसवा. ही तुमची मूठ. हिला धरून बॉडी चारी बाजूंनी फिरवता येते आणि तिच्या टोकाला आकडा लावून पडद्याच्या दांडीवर टांगून ठेवता येते. शिवाय नेकचा खड्डा आपोआप झाकला जातो. तिथे पॉलिश जाऊ द्यायचं नाही. खड्डा थोडा जरी अरुंद झाला तरी नेक बसवताना पॉलिशला चीर जाते. पिकअपचे खड्डे मात्र पातळ लाखेने एकदा रंगवून टाका, म्हणजे लाकूड तिथून दमटपणा ओढणार नाही.

छिद्रं भरणं

मेपलमध्ये छिद्रं बारीक असतात, तिथे हा भाग सोडून द्या. साग, महोगनी आणि आंबा यांच्यात ती डोळ्यांना दिसतात. न भरता पॉलिश केलंत तर काचेसारखी चकाकी येत नाही, पण लाकूड लाकडासारखं दिसतं. काहींना तेच हवं असतं आणि त्यात काही चूक नाही.

भरायचीच असतील तर जुने पॉलिशवाले चॉक पावडरमध्ये गेरू आणि पिवडी (पिवळी माती) मिसळून लेप करत. तो लेप लाकडाच्या रंगापेक्षा थोडा गडदच करा. फिकट केलात तर काही वर्षांनी छिद्रांत पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि जुन्या फर्निचरवर ते तुम्ही नक्की पाहिले असतील. चॉक, गेरू, पिवडी आणि जाड लाख कालवून दह्याइतका घट्ट लेप करा, फडक्याने गोल गोल फिरवत छिद्रांत दाबा. अर्धवट सुकला की गोणपाटाच्या तुकड्याने तंतूंना आडवं पुसून वरचा लेप काढा. आडवंच, नाहीतर छिद्रांत बसलेला लेपही बाहेर येतो. लाखेमुळे तो पटकन धरतो, म्हणून एकावेळी वहीच्या पानाएवढीच जागा घ्या. दुसऱ्या दिवशी ३२०ने घासा. पावडरीचा एकही कण लाकडावर राहता कामा नये, तो छिद्रांत हवा.

रंग

सागाला रंग लावू नका, एवढंच माझं म्हणणं. पाइन किंवा आंब्याची बॉडी असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारे रंग मिळतात. ते थेट बॉडीवर न लावता उरलेल्या तुकड्यावर आधी बघा, कारण ओला असताना दिसतो तो रंग आणि लाखेखाली येतो तो रंग यांत बराच फरक पडतो.

लाखेचे हात

बोळा करायला दोन गोष्टी लागतात: आत जुन्या लोकरीच्या मोज्याचा किंवा कापसाचा गोळा, आणि बाहेर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सर्वांत उत्तम. त्याला तंतू सुटत नाहीत. गोळा मोठ्या लिंबाएवढा. कापड त्याभोवती घट्ट ओढून मागे पिळा, खालचा भाग सुरकुती नसलेला हवा. सुरकुतीची रेघ पॉलिशवर उमटते.

लाख ओतायची ती आतल्या गोळ्यावर, कापड उघडून. बाहेरून बुडवायची नाही. मग कापड पुन्हा ओढून बोळा कागदावर दाबा. कागद ओलसर व्हायला हवा, पण थेंब दिसता कामा नये.

आमच्या जुन्या इमारतीत एक पॉलिशवाले काका होते. मी पहिल्यांदा बोळा हातात घेतला तेव्हा त्यांनी मला गिटारला हात लावू दिला नाही. काचेचा तुकडा दिला, त्यावर अर्धा तास नुसता हात फिरवायला लावला. त्यांचं एकच वाक्य: “बोळा थांबला की मेला.” त्याचा अर्थ असा. बोळा पृष्ठभागावर असताना क्षणभरही थांबला तर खालची लाख मऊ होते, कापडाला चिकटते आणि उचलताना तेवढा पापुद्रा घेऊन येते. म्हणून बोळा टेकवायचा तो हलताहलता. झोपाळा सर्वांत खाली येतो, जमिनीला पाय ओझरता घासतो आणि दुसऱ्या बाजूला वर जातो, तसा. बॉडीच्या बाहेरून आत यायचं, अखंड एका रेषेत पलीकडे जायचं आणि तिकडेही हलतच उचलायचा.

पहिले तीन हात जाड लाखेचे, तंतूंच्या दिशेने सरळ. कडा आणि कटअवे आधी, सपाट भाग शेवटी, कारण उलट क्रमाने केलं की कडा नेहमी उपाशी राहतात. दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटं. हात झाला की बोळा झाकणाच्या डबीत टाका, नाहीतर तो दगड होतो. तीन हात झाले की एक दिवस थांबा, ३२०ने अगदी हलक्या हाताने घासा. मग पातळ लाख घ्या आणि बोळा गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात फिरवायला लागा. पाच-सहा फेऱ्यांनी तो खेचल्यासारखा वाटू लागेल. तेव्हा बोळ्याच्या तोंडावर बोटाने तेलाचा एक थेंब लावा, एकच. मी लिक्विड पॅराफिन वापरतो, औषधाच्या दुकानात मिळतं. त्याने बोळा पुन्हा सरकू लागतो आणि मागे धुक्यासारखी पुसट रेघ राहते. ती रेघ ही चांगली खूण आहे, स्पिरिट उडतंय याची.

असं रोज अर्धा तास, चार-पाच दिवस. तिसऱ्या दिवशी बॉडीत पहिल्यांदा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं आणि मग माणूस अति करायला लागतो. तिथे बोळा खाली ठेवून चहा करायला जावं.

शेवटच्या दिवशी तेल बाहेर काढायचं. नव्या कापडाच्या बोळ्यात जवळजवळ नुसतं स्पिरिट घ्या. इतकं कमी, की गालाला लावलं तर गारवा जाणवेल पण ओल लागणार नाही. तंतूंच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने, झोपाळ्यासारखा. धुकं निघून जातं आणि खालची चकाकी वर येते. स्पिरिट जास्त झालं तर मात्र आठवडाभराचं काम एका फटक्यात पुसलं जातं. माझं एकदा गेलं.

चुका दुरुस्त करायची रीतही सांगून ठेवतो. ओघळ आला तर ओला असताना हात लावू नका. दोन दिवसांनी ब्लेडच्या पात्याने तासा आणि त्या जागी पातळ हात द्या. पांढुरका ढग आला तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा तोच हलका बोळा फिरवा, बहुतेक वेळा जातो. आणि कबुतर. आमच्या गॅलरीत ओल्या बॉडीवर एकदा कबुतराचं पीस येऊन असं बसलं, जणू मुद्दाम जडवलेलं. ते ओढून काढायला गेलो आणि तीन रेघा उमटवून बसलो. सुकू दिलं असतं तर पेपरने दोन मिनिटांत गेलं असतं. तेव्हापासून मी मच्छरदाणी लावून काम करतो.

बेलतेल किंवा तेलकट वार्निश कुठे वापरलंत तर एक काळजी घ्या. त्याची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपसूक पेट घेऊ शकतं. फडकी उलगडून दोरीवर वाळवा, कडक झाली की मग टाका. वर सांगितलेलं लिक्विड पॅराफिन सुकत नाही, त्याला हा धोका नाही.

हाताखालची जागा आणि नेक

घामाचा उपाय: बॉडीच्या वरच्या गोलाईवर, जिथे दंडाखालचा हात टेकतो, तिथे लाखेवर पातळ केलेल्या तेलकट पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात फडक्याने पुसून द्या. याला एकच अट, खालची लाख मेणविरहित हवी. चपड्यात नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. भिजवलेली लाख तीन-चार दिवस न हलवता ठेवली की मेण खाली गढूळ थरासारखं बसतं. वरची स्वच्छ लाख अलगद ओतून घ्या आणि निदान शेवटचे हात तरी तिचेच द्या. एवढी खटपट नको असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मी तेच करतो.

नेकला चकाकी नको. तळहाताला चिकटणारा नेक घेऊन मुंबईत कुणी वाजवू नये. मेपलच्या नेकला पातळ लाखेचे तीन हात द्या आणि वाळल्यावर करड्या बारीक स्कॉच ब्राइटने लांबीच्या दिशेने घासा. मंद, रेशमी पोत येतो. स्टीलची लोकर वापरायचा मोह होईल, पण तिचे बारीक लोखंडी तंतू पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि निघता निघत नाहीत. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं टेकायची पट्टी, शिसवाचा असेल तर त्याला पॉलिश करायचंच नाही. तेलाचे दोन थेंब फडक्याने चोळा आणि पुसून टाका. मेपलचा फ्रेटबोर्ड मात्र उघडा ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत काळा होतो.

शेवटचं घासणं आणि जोडणी

बॉडी टांगून ठेवा आणि निदान दोन आठवडे विसरा. नखाने दाबून पाहू नका, हे मी सांगूनही तुम्ही पाहणारच, तेव्हा पिकअपच्या खड्ड्याच्या आतल्या कडेवर पाहा.

मग वॉटर पेपर. लाखेवर पाणी थोडाच वेळ टिकू द्यायचं, म्हणून मी पाण्याऐवजी त्याच लिक्विड पॅराफिनचे थेंब घेतो. ८०० फक्त जिथे उंचवटा आहे तिथे, १२०० सगळीकडे, २००० सगळीकडे. कडांवर एकदाच, ओझरतं. कडांवरची लाख सर्वांत पातळ असते आणि पेपरच्या दोन फेऱ्यांत खालचं लाकूड डोकावतं. मग मोटारीला लावायचं बारीक रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने, आणि वर मेणाचा पातळ हात.

स्क्रू लावताना पॉलिशला चीर जाण्याचा धोका असतो. भोक पाडायच्या आधी तिथे टेप लावा, भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून हलकी खळी करा आणि स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. पिकअपच्या खड्ड्यांना आतून चिकटवायची तांब्याची पट्टी, पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) आणि कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला मिळतात. ब्रिजखालून (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या धातूच्या भागाखालून) निघणारी अर्थची तार लाकडाला नव्हे, ब्रिजच्या धातूला टेकलीये ना हे मल्टिमीटरने बघा. पॉलिशचा थर तिच्या आणि ब्रिजच्या मध्ये आला तर तारांना हात लावताच गुरगुर थांबायला हवी, ती थांबत नाही.

तारा चढवून झाल्या की लगेच ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईला, हात घालू नका. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत जुळवलेला नेक जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाकूड फुगलं की पुन्हा हलतो. तेव्हा तारा वर गेल्यासारख्या वाटतील. रॉड आठवा हिस्सा फिरवा, एक रात्र ठेवा आणि सकाळी सूर लावून पुन्हा बघा.